दवाखान्यातली नोंद वेळेवर सापडावी म्हणून : डेटाबेस आणि सर्व्हर निवडताना



आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, नर्सिंग होम चालवणारी कुटुंबे आहेत, धर्मादाय दवाखान्यांचे विश्वस्त आहेत आणि संगणक क्षेत्रात काम करणारी तरुण मंडळीही आहेत. त्यामुळे आरोग्य समितीकडे एक प्रश्न वारंवार येतो : "आमच्या दवाखान्यात संगणकप्रणाली बसवायची आहे. डेटाबेस कोणता घ्यावा आणि सर्व्हर केवढा घ्यावा?" प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे आम्ही ठरवले.

आधी एक अनुभव सांगतो. आमच्यातल्याच एका कुटुंबातल्या मुलीचे कॉलेजात असताना अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. तेव्हा पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने तिच्या अंगावर पित्त उठले, श्वास लागला. डॉक्टरांनी ते केस पेपरवर लिहिले आणि संगणकातही नोंदवले. पुढे तिचे लग्न झाले. आडनाव बदलले, आणि आपल्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे पहिले नावही बदलले. बाळंतपणासाठी ती त्याच दवाखान्यात गेली. खिडकीवर नवे नाव सांगितले, नवा नंबर मिळाला, नवी कोरी फाइल तयार झाली. जुनी नोंद त्याच संगणकात होती, पण माहेरच्या नावाखाली. इंजेक्शन भरले जात असताना तिच्या आईने सहज विचारले, "हे पेनिसिलिन तर नाही ना?" म्हणून पुढचे टळले.

त्या दवाखान्याचा सर्व्हर महागाचा होता आणि तो बंदही पडलेला नव्हता. नोंद होती, पण गरजेच्या क्षणी सापडली नाही. म्हणून डेटाबेस असो, सर्व्हर असो की बॅटरी, प्रत्येक वस्तू घेताना आम्ही एकच प्रश्न विचारतो : यामुळे रुग्णाची नोंद गरजेच्या वेळी डॉक्टरांच्या समोर येईल का?

डेटाबेस म्हणजे काय?

पूर्वी दवाखान्यात केस पेपरचे कपाट असे आणि ते सांभाळणारा एक जाणता माणूस असे. डेटाबेस म्हणजे ते कपाट आणि तो माणूस, दोन्ही एकत्र. कागद ठेवणे सोपे असते. हवा तो कागद चटकन काढून देणे अवघड. आपल्या बडोद्याला हे नव्याने सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन यांना बोलावले ते राज्यातल्या ग्रंथालयांची व्यवस्था लावण्यासाठी. पुस्तके कितीही जमवली तरी सूची नसेल तर वाचकाला ती नसल्यासारखीच. डेटाबेसमध्ये हेच काम इंडेक्स करतो.

डेटाबेसचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. समजा औषधाच्या दुकानात एका इंजेक्शनची शेवटची बाटली उरली आहे. दोन खिडक्यांवर दोघांनी एकाच क्षणी ती बिलात टाकली. चांगला डेटाबेस एकाला देतो आणि दुसऱ्याला "शिल्लक नाही" असे सांगतो. तसेच, बिल तयार होत असताना वीज गेली तर पैसे जमा झाले पण साठा कमी झाला नाही, असे अर्धवट काम तो राहू देत नाही. एक तर पूर्ण व्यवहार नोंदतो, नाही तर काहीच नोंदत नाही. याला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. एक्सेलच्या फाइलवर दवाखाना चालवू नये असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. एक्सेल हिशेबाला उत्तम, पण दहा जणांनी एकाच वेळी लिहिण्याच्या नोंदवहीसाठी ते बनवलेले नाही.

आधी मोजमाप, मग खरेदी

विक्रेत्याला बोलावण्याआधी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसावे. चाळीस खाटांचा दवाखाना धरू. बाह्यरुग्ण रोज १५०, वर्षाचे कामाचे दिवस ३००, म्हणजे ४५,००० भेटी. एका भेटीची नोंद, चिठ्ठी, तपासण्या आणि बिल मिळून २० किलोबाइट धरले तर वर्षाला सुमारे ०.९ गिगाबाइट होतात. रोज सरासरी ३० खाटा भरलेल्या आणि रुग्ण सरासरी तीन दिवस राहतो असे धरले तर वर्षाला सुमारे ३,६५० दाखले होतात. प्रत्येकाची नोंद अर्धा मेगाबाइट धरली तर १.८ गिगाबाइट. एकूण २.७. इंडेक्स आणि इतर गोष्टींसाठी ते दुप्पट करू, म्हणजे वर्षाला साडेपाच गिगाबाइटच्या आसपास. दहा वर्षांचे साधारण ५५ ते ६०.

हे आकडे अंदाजाचे आहेत, आपले आकडे घालून आपला हिशेब करावा. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : लिखित नोंदी फार जागा खात नाहीत. जागा खातात चित्रे. छातीचा एक डिजिटल एक्स-रे साधारण १५ मेगाबाइटचा असतो. रोज ३० एक्स-रे काढले तर वर्षाला १३५ गिगाबाइट. सीटी स्कॅनचा एक छेद अर्ध्या मेगाबाइटचा. ३०० छेदांचा एक स्कॅन १५० मेगाबाइटचा. रोज दहा स्कॅन झाले तर वर्षाला ४५० गिगाबाइट!

म्हणून चित्रे मुख्य डेटाबेसात कोंबू नयेत. त्यांच्यासाठी पॅक्स नावाची वेगळी व्यवस्था आणि वेगळा साठा असतो. मुख्य डेटाबेसात फक्त "या रुग्णाचे हे चित्र अमुक ठिकाणी आहे" एवढा उल्लेख पुरतो. दोन्ही एकत्र केले की बॅकअपला रात्र पुरत नाही आणि मग बॅकअप घेणेच मागे पडते.

डेटाबेस : विकतचा की मोफत?

नावे चारच लक्षात ठेवली तरी पुरे. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हे विकतचे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल (किंवा त्यातूनच २००९ मध्ये निघालेला मारियाडीबी) हे परवान्याचे पैसे न भरता वापरता येतात. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रकल्पातून झाली. चाळीस-पन्नास खाटांच्याच काय, त्याहून बऱ्याच मोठ्या दवाखान्याचे काम या चौघांपैकी कोणीही सहज पेलतो. "मोफत आहे म्हणजे कच्चे असणार" हा समज सोडावा. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग संस्थेच्या रुग्णालयासाठी उभी राहिलेली बाह्मनी ही प्रणाली मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसांवरच चालते, आणि ती पुढे इतर देशांतही गेली.

मात्र मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. परवान्याचे पैसे वाचले तर त्यातला काही भाग जाणकार माणसावर खर्च करावा लागतो. रात्री दोन वाजता डेटाबेस अडला तर कोणाला फोन करायचा, याचे उत्तर ज्या डेटाबेससाठी आपल्या गावात मिळते तो आपल्यासाठी चांगला.

विकतच्या डेटाबेसच्या मोफत छोट्या आवृत्त्यांबाबत सावध राहावे. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती अनेक छोट्या दवाखान्यांत बसवलेली दिसते. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिला एका डेटाबेसमागे १० गिगाबाइटची मर्यादा होती आणि मेमरीही सुमारे १.४ गिगाबाइटपर्यंतच वापरता येत असे. ओरॅकलच्या तशाच छोट्या आवृत्तीत १२ गिगाबाइट माहिती आणि २ गिगाबाइट मेमरी ही हद्द आहे. वरच्या हिशेबाने पाहिले तर आपला चाळीस खाटांचा दवाखाना दोन वर्षांतच १० गिगाबाइटला टेकतो. मग एके सकाळी, दाराशी रांग लागलेली असताना, नवा केस पेपर निघेनासा होतो. तेव्हा "आता मोठा परवाना घ्या" असे ऐकावे लागते आणि घासाघीस करायला वेळ नसतो. प्रणाली घेतानाच विचारावे : आत कोणती आवृत्ती आहे, तिची मर्यादा किती, आणि ती संपल्यावर किती खर्च येईल?

आणखी एक बारकावा. विकतच्या डेटाबेसचा परवाना अनेकदा प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येवर आकारतात. "जास्त कोअरचा सर्व्हर घेऊन ठेवू, पुढे उपयोगी पडेल" असे म्हटले की यंत्राच्या किमतीपेक्षा परवान्याचा आकडा फुगतो. यंत्र आणि परवाना यांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा.

सर्व्हर : ताकदीपेक्षा भरवसा

साठ गिगाबाइटच्या डेटाबेसला राक्षसी यंत्र लागत नाही. आठ कोअर आणि ६४ गिगाबाइट मेमरी असली तर बहुतेक रोजची माहिती मेमरीतच राहते आणि पडद्यावर लगेच येते. पैसे उरले तर ते पुढील गोष्टींवर घालावेत.

पहिली, मेमरी ईसीसी प्रकारची असावी. साध्या मेमरीत क्वचित एखादा अंक आपोआप बदलतो. घरच्या संगणकावर ते खपते, औषधाच्या मात्रेत खपत नाही. ईसीसी मेमरी अशी चूक ओळखून दुरुस्त करते.

दुसरी, डिस्क सर्व्हरसाठी बनवलेली एसएसडी असावी. डेटाबेस "नोंद झाली" असे सांगतो ते डिस्कने "लिहिले" असे कळवल्यावर. घरगुती वापराच्या काही डिस्क प्रत्यक्ष लिहिण्याआधीच होकार देतात. त्याच क्षणी वीज गेली तर नोंद गेली. सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीत वीज गेल्यावरही हातातले काम पुरे करण्याइतकी ऊर्जा साठवलेली असते.

तिसरी, डिस्कची जोडी. एकावर लिहिलेले दुसरीवरही लिहिले जाते, याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून नोंद पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

चौथी, यूपीएस. केवळ यूपीएस असून भागत नाही. बॅटरी संपत आली की सर्व्हरला व्यवस्थित बंद होण्याचा आदेश गेला पाहिजे, तशी जोडणी करून घ्यावी. बॅटरी कधी बसवली ती तारीख तिच्यावरच चिकटवून ठेवावी.

पाचवी, जागा. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्री कुठवर आली ते आपण पाहिले आहे. तरीही तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, जमिनीवर ठेवलेले सर्व्हर अजून दिसतात. सर्व्हर वरच्या मजल्यावर असावा, डोक्यावर पाण्याची टाकी किंवा संडासाचा पाइप नसावा, खोलीला कुलूप असावे आणि केबलना उंदरांपासून संरक्षण असावे. याला फारसा खर्च येत नाही.

नोंद परत येते का?

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. रुग्णालयाच्या नेटवर्कचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, हे कारण सांगण्यात आले. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयात सुमारे दोन आठवडे नावनोंदणीपासून बरीचशी कामे कागदावर करावी लागली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे.

यातून आपल्यासारख्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. सर्व्हरचे नेटवर्क वेगळे असावे. प्रतीक्षालयातला वाय-फाय आणि डेटाबेस एकाच जाळ्यात नसावेत. दुसरे, बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दवाखान्याच्या बाहेर असावी. निदान एक प्रत संगणकापासून तोडून ठेवलेली असावी. कायम जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप व्हायरस मुख्य डेटाबेसबरोबरच कुलूपबंद करतो. तिसरे, कागदाचे छापील नमुने एका खणात तयार असावेत आणि संगणक बंद पडल्यावर काम कसे चालवायचे हे रात्रपाळीच्या सिस्टरलाही माहीत असावे.

बॅकअप किती वेळाने घ्यावा? विश्वस्तांनी दोन प्रश्नांची उत्तरे मिनिटांत किंवा तासांत लिहून द्यावीत : किती वेळेचे काम पुन्हा करावे लागले तर चालेल? आणि प्रणाली किती वेळ बंद राहिली तर चालेल? फक्त रात्रीचा बॅकअप असेल तर संध्याकाळी पाच वाजता डिस्क गेल्यावर पूर्ण दिवस गेला. डेटाबेस प्रत्येक बदलाची एक रोजनिशी ठेवत असतो. ती दर काही मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर पाठवली तर नुकसान तेवढ्याच मिनिटांवर येते. वर नाव घेतलेल्या चारही डेटाबेसांत ही सोय आहे, फक्त ती चालू करून घ्यावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बॅकअप उघडून पाहावा. दर तीन महिन्यांनी एका वेगळ्या संगणकावर तो पूर्ववत करावा, पाच ओळखीच्या रुग्णांच्या नोंदी काढून पाहाव्यात आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही हे संकटाच्या दिवशीच कळते.

क्लाउड घ्यावे का?

ज्या दवाखान्यात संगणक सांभाळणारा माणूस नाही आणि इंटरनेट भरवशाचे आहे, तिथे क्लाउड सोयीचे. यंत्र, वीज, पूर यांची काळजी दुसरा घेतो. पण खर्च दरमहा कायमचा आणि इंटरनेट गेले की सगळे ठप्प. घेतलेच तर दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी घ्यावी. बॅकअप "ते घेतात" असे तोंडी ऐकून गप्प बसू नये, स्वतःच्या हाती एक प्रत नियमित येईल असे पाहावे. आतदाखल रुग्ण असलेल्या मध्यम दवाखान्याला सर्व्हर आपल्या घरात आणि बाहेरची प्रत क्लाउडवर, ही जोडी बहुधा मानवते.

नावांचा घोळ

पुन्हा त्या मुलीकडे येऊ. डेटाबेसची रचना ठरवताना रुग्णाचा क्रमांक कधीही न बदलणारा असावा आणि नाव ही त्याला जोडलेली, बदलू शकणारी माहिती असावी. माहेरचे नाव, सासरचे नाव, घरचे नाव अशी एकाहून अधिक नावे ठेवण्याची सोय हवी. शोध नुसत्या नावावर न होता जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकावरही व्हावा. एकाच माणसाच्या दोन फाइली आढळल्या तर त्या सुरक्षितपणे एकत्र करता याव्यात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक नोंदवण्याची सोयही घ्यावी, रुग्णाच्या संमतीने.

आपल्यासारख्या गुजरातेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा आणखी एक प्रश्न आहे. एकच नाव कधी गुजरातीत, कधी देवनागरीत, कधी इंग्रजीत लिहिले जाते. दीक्षितांचे आणि क्षीरसागरांचे इंग्रजी स्पेलिंग खिडकीवरच्या माणसागणिक बदलते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच साठवला जातो याची खात्री करावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन बसतात. युनिकोडमध्येही "ऱ" हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण प्रणालीने ती एकसारखी करून घेतली नाहीत तर "गोऱ्हे" शोधल्यावर गोऱ्हे सापडत नाहीत. विक्रेत्यासमोर बसून आपल्याच चार-पाच आडनावांनी शोध घेऊन पाहावा.

सही करण्यापूर्वी

बहुतेक दवाखाने डेटाबेस सुटा घेत नाहीत, तो प्रणालीबरोबर येतो. त्यामुळे खरा करार प्रणालीच्या विक्रेत्याशी असतो. त्यात पुढील गोष्टी लेखी असाव्यात.

- माहिती दवाखान्याची आहे, विक्रेत्याची नाही.
- मागू तेव्हा संपूर्ण माहिती वाचता येईल अशा स्वरूपात, तक्त्यांच्या वर्णनासह, ठरलेल्या दिवसांत मिळेल.
- डेटाबेसचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात विश्वस्तांकडेही असेल.
- कोणी, केव्हा, कोणती नोंद पाहिली किंवा बदलली याची वही प्रणाली स्वतः ठेवेल.
- बॅकअप पूर्ववत करण्याची चाचणी विक्रेता पैसे घेण्यापूर्वी आपल्यासमोर करून दाखवेल.

ही केवळ सोय नाही. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. विक्रेत्याशी भांडण झाले म्हणून नोंद देता आली नाही, असे रुग्णाला सांगता येत नाही. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

सभासदांपैकी कोणी अशी खरेदी करणार असेल तर वरच्या हिशेबात आपले आकडे भरून कागद आरोग्य समितीकडे आणावा. संगणक क्षेत्रातली आपली मुले आनंदाने बसून पाहतात. आणि ज्यांना यातले काहीच खरेदी करायचे नाही, त्यांच्यासाठी एवढेच : दवाखान्याच्या खिडकीवर नाव सांगताना जुने नाव आणि जुना नंबरही सांगा, आणि कोणत्या औषधाचा त्रास होतो ते न विचारता सांगा. त्या दिवशी आई शेजारी बसलेली होती. प्रत्येक वेळी असेलच असे नाही.